कच्च्या कैदेला शिक्षा म्हणूं नका



माझ्या हातून झालेली एक चूक आधीं सांगतों. मग दुसऱ्याला चार शब्द सांगण्याची परवानगी मागतों.

आमच्या शाळेंत चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. बाप सुतार. गांवचीं औतें, दारें, चौकटी करून पोट भरणारा. जमीन वीतभरहि नाहीं. कोणाच्या तरी विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली आणि संशयावरून याला धरून नेलें. त्या दिवसांत मुलाच्या सवलतीचा एक अर्ज भरावयाचा होता. बापाची हकीकत लिहिण्याच्या जागीं मीं लिहिलें, "वडील तुरुंगांत शिक्षा भोगत आहेत." अर्ज मुलाच्या आईला वाचून दाखविला. त्या माउलीनें सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "गुरुजी, कोर्टानं अजून शिक्षा दिली न्हाई. तुमी कशी दिली?"

वीस वर्षें मी मुलांच्या वह्यांतले चुकलेले शब्द तांबड्या शाईनें खोडीत आलों. त्या दिवशीं माझा शब्द एका सुताराच्या बायकोनें खोडला, आणि बरोबर खोडला. तिचा नवरा शिक्षा भोगत नव्हता. तो कच्च्या कैदेंत होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तो वेगळेपणा ठाऊक नसल्यामुळें आमच्या शेतकरी व कारागीर घरांची अब्रू जाते, पैसा जातो आणि कधीं कधीं माणूसहि हकनाक अडकून पडतो. म्हणून आज हा एकच शब्द घेऊन बसलों आहें.

तुरुंगांत काढलेल्या दिवसांना खेड्यांत नांवें पुष्कळ. कोणी म्हणतो 'खडी फोडायला गेला', कोणी म्हणतो 'बिनभाड्याच्या खोलींत आहे', कोणी 'सरकारचा पाहुणा झाला' म्हणून हंसतो. बायामाणसें हळू आवाजांत नुसतें 'आंत आहे' म्हणतात. पण या सगळ्यांचा अर्थ एकच धरला जातो : गुन्हा केला, शिक्षा झाली, ती भोगतो आहे. पोलिसांनीं काल रात्रीं नेलेला माणूस, आणि न्यायाधीशानें साक्षीपुरावा ऐकून दोषी ठरविलेला माणूस, या दोघांना आमच्या पारावर एकाच मापानें मोजतात.

मोठ्या माणसांच्या बाबतींत मात्र हीच जीभ फार जपून चालते. पुढारी आंत गेला तर तो 'स्थानबद्ध' असतो, 'नजरकैदेंत' असतो. पैसेवाल्याच्या मुलाला धरलें तर 'बिचाऱ्याला गोवलें'. १९३० सालीं आणि १९४२ सालीं जे आंत गेले त्यांनीं 'तुरुंगवास पत्करला' असें आम्ही मुलांना शिकवितों, आणि तें योग्यच आहे. पण सुताराला, वडाराला, शेतमजुराला धरलें कीं तो त्याच दिवसापासून 'शिक्षा भोगूं' लागतो! गज तेच, कुलूप तेंच. शब्द मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें. हा भेद कोणा परक्यानें आमच्यावर लादलेला नाहीं. आम्ही आमच्याच तोंडानें आमच्या माणसाला हलका शब्द देतों.

'कच्चा' म्हणजे काय, हें कुंभाराला विचारावें. चाकावरून उतरलेलें मडकें कच्चें. आव्यांत भाजून निघालें म्हणजे पक्कें. कच्च्या मडक्याला कोणी पाण्याचें मडकें म्हणून विकीत नाहीं, आणि विकलें तर गिऱ्हाईक तें परत आणून देतें. कच्चा कैदी तसाच आहे. त्याच्यावर आरोप आहे, पण आरोप खरा कीं खोटा हें अजून ठरलेलें नाहीं. सरकारी कागदांत त्याला 'न्यायाधीन बंदी' म्हणतात, म्हणजे ज्याचा न्याय अजून व्हावयाचा आहे असा. निकाल लागून तो दोषी ठरला तरच तो 'सिद्धदोष बंदी', म्हणजे पक्का कैदी होतो. शिक्षा हा शब्द तेथून पुढें लागूं होतो, आधीं नाहीं.

आतां पायऱ्या नीट लक्षांत घ्या. माणसाला धरलें ती अटक. अटकेचें कारण त्याला सांगितलें पाहिजे आणि २४ तासांच्या आंत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढें उभें केलें पाहिजे. हें आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमांत आहे. तपासासाठीं पोलिसांच्या ताब्यांत ठेवलें तर ती पोलीस कोठडी. कोर्टाच्या हुकुमानें तुरुंगांत ठेवलें तर ती न्यायालयीन कोठडी. खटल्याचा निकाल लागेपर्यंतचा हा सगळा काळ म्हणजे कच्ची कैद. पुढें दोषी ठरला आणि कैद झाली तर ती साधी कैद, नाहींतर सक्तमजुरी. सक्तमजुरींत काम करावें लागतें. कच्च्या कैद्यावर तशी सक्ती करतां येत नाहीं. इंग्रजी राज्यांतल्या १८९४ च्या तुरुंग-कायद्यानें देखील कच्च्या कैद्याला पक्क्यापासून वेगळें ठेवावें, आणि त्याला स्वतःचे कपडे व बाहेरचें अन्न घेण्याची मुभा असावी, असें लिहून ठेवलें होतें. परक्या सरकारला कळलेला भेद आमच्या पाराला अजून कळूं नये, याला काय म्हणावें?

हे कच्चे कैदी थोडे असतील असें कोणी समजूं नये. सरकारनेंच छापलेल्या आंकड्यांप्रमाणें १९२२ सालीं नव्हे, अगदीं अलीकडे, २०२२ सालच्या अखेरीस देशांतल्या सर्व तुरुंगांत मिळून ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२ माणसें कच्ची होतीं. म्हणजे दर चारांत तीन! तुरुंगाच्या भिंतीआड पाहिलें तर शिक्षा भोगणारे थोडे आणि न्यायाची वाट पाहणारे फार, अशी स्थिति आहे.

इतकीं माणसें वाट पाहत कां बसतात? सगळ्यांचेच गुन्हे मोठे म्हणून नव्हे. कित्येकांचा जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाहीं. आमच्या त्या सुताराचें असेंच झालें. दुसऱ्या महिन्यांत कोर्टानें जामीन दिला. जामीनदार पाहिजे म्हणजे ज्याच्या नांवें सात-बारा आहे किंवा ज्याला ऐपतीचा दाखला मिळतो असा माणूस पाहिजे. याच्या नात्यांत सगळे हातावर पोट असलेले. गांवांत ज्यांच्या दारांच्या चौकटी यानें बसविल्या, त्यांनीं त्याच दारांत उभें राहून त्याच्या बायकोला नाहीं म्हटलें. कां? तर "शिक्षा भोगणाऱ्याला जामीन कोण राहणार?" पाहा, शब्द कसा आडवा येतो तो! तो शब्द नसता तर एखादा तरी पुढें आला असता असें मला वाटतें. आणि तो शब्द माझ्या अर्जांतहि होता, हें मी विसरलों नाहीं.

हें दुखणें आजचें नाहीं. मध्यप्रदेशांतला मोतीराम नांवाचा एक गरीब गवंडी होता. त्याचें अपील चालू असतां सर्वोच्च न्यायालयानें त्याला जामिनावर सोडावयास सांगितलें. खालच्या दंडाधिकाऱ्यानें १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत म्हणून तो चालेना. १९७८ सालीं गवंडी पुन्हा सर्वोच्च न्यायालयांत गेला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्याचा हुकूम केला, आणि गरिबाला न झेपणारा जामीन मागणें हा अन्याय आहे असें बजावलें. पुढच्याच वर्षीं, १९७९ सालीं, बिहारांतल्या कच्च्या कैद्यांचें प्रकरण वर्तमानपत्रांतल्या मजकुरावरून त्याच न्यायालयापुढें गेलें. तें हुसैनारा खातून या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत असें दिसून आलें कीं, ज्या गुन्ह्याची जास्तींत जास्त जेवढी शिक्षा, त्याहून अधिक काळ कित्येकजण नुसते कच्चेच पडून होते. दोषी ठरले असते तर लौकर सुटले असते!

आतां आपल्या घरांनीं काय जाणावें तें सांगतों. हें कापून ठेवलें तरी चालेल.

पहिली गोष्ट, दिवस मोजा. अटकेची तारीख घरांत लिहून ठेवा. दुकानदाराच्या वहींत आपण भरलेली रक्कम जशी खात्यांत वळती होते, तशी कच्ची कैद पुढें शिक्षा झाल्यास तींत वळती होते. आठ महिने कच्ची कैद झाली आणि निकालांत एक वर्षाची कैद मिळाली, तर चारच महिने उरतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ही तरतूद आली. १ जुलै २०२४ पासून लागूं झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत ती ४६८ व्या कलमांत आहे. मात्र वळती त्याच खटल्यांतले दिवस होतात. दंड न भरल्याबद्दल जी कैद मिळते तिला ही वजावट नाहीं.

दुसरी गोष्ट, साठ आणि नव्वद हे आंकडे पाठ करा. पोलिसांनीं ६० दिवसांत, आणि फांशी, जन्मठेप किंवा दहा वर्षें वा त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, दोषारोपपत्र कोर्टांत दिलें नाहीं, तर जामीन मागण्याचा हक्क उत्पन्न होतो. कांहीं खास कायद्यांत ही मुदत लांब आहे. पण हक्क आपोआप चालत येत नाहीं. अर्ज करावा लागतो, आणि तो दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी करावा लागतो.

तिसरी गोष्ट, निम्में आणि तिसरा हिस्सा. गुन्ह्याला जेवढी जास्तींत जास्त कैद सांगितली आहे, तिच्या निम्मा काळ कच्च्या कैदेंत गेला तर जामिनावर सोडावें, आणि पूर्वी कधीं दोषी न ठरलेल्या माणसाला तिसरा हिस्सा भरतांच सोडावें, असें नव्या संहितेचें ४७९ वें कलम सांगतें. तीन वर्षांचा गुन्हा असेल तर पहिल्या वेळेस सांपडलेल्याचे बारा महिने पुरे. फांशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हें लागूं नाहीं, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरीहि नाहीं. मुदत भरली कीं तुरुंगाच्या अधीक्षकानें स्वतः कोर्टाला लिहावयाचें आहे. आधींपासून आंत असलेल्यांनाहि हें लागूं आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२४ मध्यें स्पष्ट केलें. तरी आपण आठवण द्यावी. दुसऱ्याच्या वहीवर विसंबून राहणाऱ्याचें काय होतें, हें सावकाराच्या वहीनें आपल्या आज्या-पणज्यांना शिकविलें आहे.

चौथी गोष्ट, वकिलासाठीं बैल विकूं नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणें कोठडींत असलेल्या माणसाला, तसेंच बायकांना, मुलांना आणि अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांना, उत्पन्न न विचारतां फुकट वकील मिळतो. जिल्ह्याच्या कोर्टांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या कोर्टांत समिति असते. आमच्या सुताराला आठव्या महिन्यांत असाच वकील मिळाला. त्यानें परिस्थिति सांगून अर्ज केला आणि नवव्या महिन्यांत हा जातमुचलक्यावर बाहेर आला. पहिल्याच महिन्यांत कोणी सांगितलें असतें तर? गांवांत सांगण्यासारखा शिकलेला माणूस मीच होतों. मीं अर्जांत 'शिक्षा' लिहून टाकली आणि गप्प बसलों.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आंत असतांना त्याला कोणी तरी कानांत सांगितलें, "गुन्हा कबूल करून टाक. भोगलेले दिवस हीच शिक्षा धरतील आणि उद्यां घरीं जाशील." हें ऐकावयास किती गोड! घरीं पोरें उपाशी असतांना कोणाचें मन चळणार नाहीं? पण यांत काय होतें तें ओळखा. जी कैद आजवर कच्ची होती ती त्या एका 'हो' नें पक्की होते. जो निर्दोष होता तो कायमचा दोषी ठरतो. पुढें नोकरीच्या अर्जांत, चौकशींत, दुसऱ्या एखाद्या संशयांत तो डाग वर येतो. ज्यानें खरोखर केलें आहे त्यानें कबूल करावें. तें माणुसकीचें आहे. पण न केलेलें कबूल करणें म्हणजे आपल्या हातानें आपलें कच्चें मडकें आव्यांत ढकलणें होय. सुतार म्हणाला, "दिवस जाऊं द्यात, पण चोर म्हणून घरी जाणार न्हाई." पुढच्या वर्षीं तो निर्दोष सुटला.

येथें आणखी एक घोटाळा सांगून टाकतों. जामीन झाला म्हणजे सुटला असें आपले लोक समजतात, पेढे वाटतात आणि तारखेला जात नाहींत. मग वॉरंट निघतें आणि माणूस पुन्हा आंत जातो. जामीन म्हणजे निकाल नव्हे. जामीन म्हणजे निकाल लागेपर्यंत घरीं राहण्याची मोकळीक. जामिनावरचा माणूस दोषी नाहीं आणि अजून सुटलेलाहि नाहीं. तारीख चुकवूं नका.

कोणी म्हणेल, "गुरुजी, तुम्ही चोरांची वकिली करतां. ज्याची मोटार गेली त्याचा ऊस वाळला, त्याचें काय?" प्रश्न रास्त आहे. तोहि आपलाच शेतकरी आहे आणि त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण त्याला न्याय मिळाला काय? सुताराला धरलें, गांवानें 'शिक्षा झाली' म्हटलें, आणि सगळे स्वस्थ बसले. खऱ्या चोराचा शोध तेथेंच थांबला. दोषी ठरण्यापूर्वीच 'शिक्षा' म्हणून मोकळें झाल्यानें फसवणूक दोघांची झाली. सुताराची आणि मोटारवाल्याचीहि.

शब्द कायद्याहून चिवट असतो, याचा दाखला आपल्याच मुलखांत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें इंग्रजांनीं जातींच्या जाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या. त्यांत खटला नाहीं, साक्ष नाहीं; मूल जन्मलें तें संशयित. सोलापुरास तारेच्या कुंपणाच्या आंत या लोकांची वसाहत होती, तिला 'सेटलमेंट' म्हणत. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला आणि ते लोक 'विमुक्त' झाले. विमुक्त म्हणजे सुटलेले. आज त्या गोष्टीला सत्तरांहून अधिक वर्षें झालीं, तरी गांवांत चोरी झाली कीं पहिला पाय त्यांच्याच पालाकडे वळतो. तुरुंगाच्या आंतहि जातीनें पाठ सोडली नव्हती. कित्येक राज्यांच्या तुरुंग-नियमांत झाडूचें व मैल्याचें काम कोणी करावें आणि स्वयंपाक कोणी करावा हें जातीवरून ठरत होतें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असे नियम घटनाबाह्य ठरविले, आणि कच्च्या-पक्क्या कैद्यांच्या नोंदवहींतला जातीचा रकाना काढून टाकावयास सांगितलें. कागदावरचा रकाना हुकुमानें निघेल. आपल्या जिभेवरचा रकाना आपणच काढला पाहिजे.

सुतार आतां घरीं आहे. पण अजून कांहीं लोक औत दुरुस्तीला शेजारच्या गांवीं नेतात. विचारलें तर म्हणतात, "तो शिक्षा भोगून आलेला आहे." मी प्रत्येक वेळीं सांगतों, "नाहीं. नऊ महिने कच्ची कैद, आणि कोर्टानें निर्दोष सोडलें." कोणी ऐकतो, कोणी हंसतो. मी सांगत राहणार आहें.

तो जुना अर्ज मीं परत मागवून दुरुस्त केला. त्या जागीं आतां लिहिलें आहे, "वडील सुतारकाम करतात." मुलाची आई निकालाची नक्कल घेऊन आली होती, तिची एक प्रत काढून मीं शाळेच्या कपाटांत ठेवली आहे. ज्याला वाचावयाची असेल त्यानें तिला विचारून यावें, मी वाचून दाखवीन.

कळावें.

— एक खेड्यांतील शिक्षक